फुकटचे स्वयंसेवक

आधीच सांगून टाकतो, आजचा लेख गोड नाही. "खेड्यातली माणसं किती साधी, किती निःस्वार्थ!" असं काही वाचायला आला असाल तर निराशा होईल. तरीही वाचाच, कारण भांडण तुमच्याशीच आहे.

निमित्त झालं ऑफिसातल्या एका मेलचं. दर वर्षीप्रमाणे यंदाही 'व्हॉलंटियरिंग डे' जाहीर झाला. शनिवारी सकाळी बस, पुण्यापासून दीड तासावरचं एक गाव, दोनशे रोपं, शाळेच्या भिंतीला रंग, दुपारी जेवण, संध्याकाळी परत. छातीवर कंपनीचं नाव असलेला टी-शर्ट फुकट. मेलच्या तळाशी एक लिंक होती, आपण किती तास सेवा केली ते भरण्यासाठी. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरांत, 'निःस्वार्थ सेवेचा आनंद घ्या'.

आता बघा हं. तासांची नोंद होणार, प्रमाणपत्र मिळणार, अप्रेझलच्या फॉर्मवर एक ओळ वाढणार, कंपनीच्या वार्षिक अहवालात फोटो येणार. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, म्हणजे तोही हिशेबच. यातल्या कशालाच माझी हरकत नाही. हिशेब ठेवणं ही चांगली गोष्ट आहे, आपण त्याचाच पगार घेतो. हरकत एवढीच की स्वतःच्या चार तासांचा असा चोख हिशेब ठेवणारे आपण खेड्यातल्या बाईच्या वीस वर्षांच्या कामाला 'निःस्वार्थ' म्हणतो आणि वही मिटतो.

हा शब्दच मला आता खुपायला लागलाय.

माझं आजोळ चकलांबा. कुठे आलं? बीड जिल्हा, गेवराई तालुका. ज्या राक्षसभुवनला १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाला हरवलं ते याच तालुक्यातलं. चकलांब्याला पोलीस ठाणं आहे, त्यामुळे पेपरात गावाचं नाव वरचेवर येतं, पण कायम एकाच वाक्यात: 'चकलांबा पोलीस ठाण्याच्या हद्दीत'. त्यापुढे वाळू असते, चोरी असते, अपघात असतो, कोणाची तरी हाणामारी असते. तुम्ही इंटरनेटवर शोधलंत तर हेच सापडेल. हद्दीत बाकीचे दिवस काय चालतं याची बातमी होत नाही, कारण बातमी बिघाडाची होते. सर्व्हर चालू असल्याचा मेल कोणी पाठवत नाही तसंच.

तर हद्दीत बाकीचे दिवस काय चालतं ते सांगतो. सुरुवात सप्त्यापासून, कारण गावाची यंत्रणा तिथे उघडी दिसते.

अखंड हरिनाम सप्ताह आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लांबून, म्हणजे लाउडस्पीकरवरून ऐकलेला असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि गावजेवण. यातलं 'अखंड' म्हणजे वीणा. सप्ताह सुरू झाला की वीणा उभी राहते आणि सात दिवस खाली ठेवायची नाही, नामस्मरण थांबू द्यायचं नाही. कोणीतरी सतत गळ्यात वीणा घेऊन उभा. सात दिवस गुणिले चोवीस, १६८ तास. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर ८४ पाळ्या. शंभर टक्के अपटाइम, आणि बॅकअप म्हणजे शेजारचा माणूस. आपल्याकडे एवढ्याशा कामाला तीन मॅनेजर आणि एक टूल लागतं.

आमच्याकडे हे काम एक आबा करायचे. (सगळ्या गावाचेच आबा, माझे सख्खे नव्हेत.) लांबडी वही, निळा पेन, आणि डोक्यात अख्खं गाव. रात्री दोन ते चारचा पहारा कोणाला द्यायचा हा सगळ्यात नाजूक प्रश्न. ज्याला साखर आहे त्याला द्यायचा नाही, ज्याची म्हैस व्यायला झालीय त्याला नाही, ज्याचं पोरगं आजच पुण्याहून आलंय त्याला आज नाही. हे सगळं त्यांना विचारावं लागायचं नाही. आणि एक गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ होते, एकमेकांशी बोलणं बंद. आबा त्यांचे पहारे दर वर्षी एकापाठोपाठ एक लावायचे. वीणा हातात देता-घेताना एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. पडावंच लागतं, सगळ्यांसमोर, रात्री दोन वाजता. भावांचं वैर मिटलं का? नाही, तारखा चालूच राहिल्या. पण वर्षातून एकदा तरी दोघं एकमेकांच्या पायाशी वाकायचे, आणि भांडण कुऱ्हाडीपर्यंत गेलं नाही. सरकारनं २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली, समित्या नेमल्या, बक्षिसं लावली. चांगलंच केलं. आबांची वही त्याच्याआधीपासून चालू होती आणि तिला कधी बक्षीस मिळालं नाही.

आता याच सप्त्याची दुसरी बाजू. मांडवाच्या तोंडाशी फ्लेक्स लागतो. 'आजचे अन्नदाते', खाली चार श्रीमान, चौघांचे गॉगल घातलेले फोटो. संध्याकाळची पंगत या चार घरांकडून. भाजी-आमटी मोठ्या कढयांमध्ये पुरुष करतात हे खरं, पण भाकरी घरोघरहून येतात. गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला गोदाकाठचा मोठा सप्ताह तर आमटी-भाकरीसाठीच प्रसिद्ध आहे, आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून भाकरी येतात. त्या ट्रॅक्टरचे फोटो तुम्ही पाहिले असतील. लाइकही केले असतील. भाकरी थापणाऱ्या हातांचा फोटो पाहिलाय? माझी मामी सप्त्यात पहाटे साडेतीनला उठायची. घरचं, शेतावरच्या गड्याचं, आणि वर सप्त्याच्या वीस भाकरी. तिला मी एकदा विचारलं, तुझं नाव का नाही फ्लेक्सवर? ती हसली. "माझं नाव कामून लागतंय? माझी भाकर कोणती हाय ते मला ठाऊक हाय की." उत्तर सुंदर आहे, मान्य. पण या उत्तराच्या सौंदर्यावर खूश होऊन आपण फ्लेक्स तसाच ठेवतो ना, तिथे माझं डोकं फिरतं.

आणि मुळात गावानं हे सगळं निःस्वार्थ आहे असा दावा कधी केलाच नव्हता. जुने शब्द बघा. इर्जिक. एका शेतकऱ्याचं काम अडलं की बाकीचे आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरतात आणि तो त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालतो. सावड. आज मी तुझ्या खुरपणीला, उद्या तू माझ्या. वारंगुळा. माझा एक बैल, तुझा एक बैल, दोघांचं मिळून औत. यांत 'सेवा' हा शब्द कुठे आहे? हा रोखीशिवायचा काटेकोर हिशेब आहे. कोण कोणाच्या सावडीला आलं नाही हे तीन पिढ्या लक्षात ठेवलं जातं, आणि ऐन कापणीत त्याची आठवणही करून दिली जाते. हिशेबात अडकलेली असतात म्हणूनच माणसं एकमेकांच्या उपयोगी पडतात. निःस्वार्थपणाची भानगड बाहेरून आलेल्यांनी लावली.

बरं, 'गावासाठी फुकट काम' ही गोष्ट नेहमी गोड होती असंही समजू नका. गावकी म्हणून एक प्रकार होता. निरोप पोचवायचे, मयताची खबर परगावी न्यायची, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्या पुढे धावायचं. ही कामं कोणी हौसेनं निवडलेली नव्हती, जातीनं वाट्याला आलेली होती. बदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदार मागायची भाकरी. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या विरोधात विधेयक आणलं १९२८ साली. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. आमचा भाग तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तिथले कायदे वेगळे, पण वेस तीच आणि वेसबाहेरची वस्तीही तीच. बाबासाहेबांचं त्या वेळचं भांडण नीट समजून घ्या, ते आजही जसंच्या तसं लागू पडतं. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही आणि ज्याला नीट मोल नाही, त्याला कर्तव्य म्हणा, परंपरा म्हणा नाहीतर सेवा म्हणा, ती वेठ असते.

'नाही म्हणता येतं का?' माझी कसोटी एवढीच आहे. वीणेच्या पहाऱ्याला नाही म्हणता येतं. ताप आलाय म्हटलं की शेजारचा उभा राहतो, कोणी तुमचं नाव कापत नाही. म्हणून तो खरा स्वयंसेवक. त्याला कोणी पैसे देऊ केले तर तो उठून जाईल, आणि त्यानं जावंच.

आता याच कसोटीवर आशाताईंना लावून बघा.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं २००५ साली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. त्याच गावात राहणारी बाई हवी. सरकारी कागदांत ती कर्मचारी नाही, ती 'कम्युनिटी हेल्थ व्हॉलंटियर'. स्वयंसेविका! म्हणून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. गरोदर बाईची नोंद करा, तिला दवाखान्यात न्या, लसीकरणाला लेकरं गोळा करा, क्षयरोगाच्या पेशंटला गोळ्या वेळेवर घ्यायला लावा, आणि प्रत्येक कामापुढे एक आकडा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर नंतरच्या ४२ दिवसांत बाळाला घरी जाऊन सहा वेळा बघायचं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करायचं, ताप मोजायचा, अंगावर पितंय का बघायचं, फॉर्म भरायचा. ही योजना आली तेव्हा सहाही भेटींचे मिळून मोबदला ठरला २५० रुपये. भागाकार करा. एका भेटीचे एक्केचाळीस रुपये सदुसष्ट पैसे. हिंजवडीत एक बरी कॉफी याच्या चौपटीत मिळते.

यातली खरी बोचणी अशी की ही कल्पना आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचा शोधनिबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याच्याही आधी, १९७० पासून, बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करत होते. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. म्हणजे सहा-आठ बुकं शिकलेली किंवा अजिबात न शिकलेली बाई बाळाचा जीव वाचवू शकते हे जगाला आपण दाखवलं. जगानं मान्य केलं. आणि मग अख्ख्या देशाला ती व्यवस्था लागू करताना आपण ठरवलं की हे काम इतकं महत्त्वाचं आहे की त्याला पगार द्यायची गरज नाही!

२०२० साली कोविड आला तेव्हा आपण घरात बसून स्टँडअप मीटिंग म्यूटवर ठेवत होतो. आशा दारोदार फिरत होत्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरटी तापमान आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या पथकांत त्या होत्या. तेव्हा त्यांना नाही म्हणता येत होतं? कागदावर येत होतं. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा माझ्याच ओळखीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी "सेवेचं व्रत घेतलेल्यांनी असं अडवून धरू नये" म्हणून मला सुनावलं. व्रत! त्या गृहस्थांनी स्वतः त्याच महिन्यात तीस टक्के वाढीसाठी कंपनी बदलली होती.

मग मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांवर आशांचा ग्लोबल हेल्थ लीडर्स पुरस्कार देऊन गौरव केला. सगळीकडे अभिनंदनाचे संदेश. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला. अंगणवाडी योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. म्हणजे 'मानधन' घेणाऱ्या या बायकांना निवृत्तीच्या चार पैशांचा हक्क आहे एवढं ठरायला सत्तेचाळीस वर्षं लागली. पुरस्काराचा गाजावाजा या निकालापेक्षा कितीतरी जास्त झाला. टाळ्यांना खर्च येत नाही, ग्रॅच्युइटीला येतो.

मानधन हा शब्द पण काय शोधून काढलाय! मानही अर्धा, धनही अर्धं.

"पण पैसे दिले की भावना जाते" हे वाक्य आता येणार, मला माहितीय. एकदा निकाल लावून टाकू. तुम्हाला दर महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. त्यामुळे तुम्ही कोड वाईट लिहायला लागलात का? सर्जन फी घेतो म्हणून त्याची टाके घालण्यातली आस्था कमी होते का? कीर्तनकार महाराजसुद्धा बिदागी घेतात (आणि नामांकित असले तर किती घेतात ते सप्ताह कमिटीला विचारा), त्यानं कोणाची भक्ती आटलेली मी पाहिली नाही. पैशानं भावना जाते हा नियम फक्त गरीब बायकांनाच कसा काय लागू होतो बुवा?

आणि आपल्या धंद्यात हे आपण भोगलंय की. एप्रिल २०१४, हार्टब्लीड. अर्ध्या जगाच्या वेबसाइट ज्या ओपनएसएसएलवर चालत होत्या ते सांभाळायला पूर्णवेळ माणूस किती? एक. डिसेंबर २०२१, लॉगफोरजे. ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर जगभरच्या बँका हादरल्या, आणि ती भोकं रात्र रात्र जागून बुजवत होते बिनपगारी स्वयंसेवक. मार्च २०२४, एक्सझेड. एकटा थकलेला मेंटेनर, त्याला मदतीच्या बहाण्यानं घेरून कोणीतरी मागचं दार बसवलं. या तीनही वेळी आपण कॅन्टीनमध्ये काय म्हणत होतो? "एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला कंपन्या पैसे का देत नाहीत?" बरोबर म्हणत होतो. मग तेच वाक्य गेवराईपर्यंत येईस्तोवर कुठे विरघळतं?

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढेच आहे, आणि ती थेट आपल्या व्यवसायाची आहे.

बीडमधून दर वर्षी दिवाळीच्या आसपास लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. पाडव्याच्या सुमारास परततात. मधले पाच-सहा महिने कित्येक गावांत निम्मी घरं बंद. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि बाहेर न गेलेली काही तरुण पोरं. लेकरांची शाळा सुटू नये म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण शेजारच्या म्हातारीला रात्री दम लागला तर बघायला कोण? तिच्या बंद घराशेजारच्या मुलाच्या शेळ्यांना पाणी कोण पाजणार? उरलेले. कोणी सांगत नाही, ते करतात.

या उरलेल्यांत प्रत्येक गावात एक पोरगा असतो. बारावी किंवा बीए, बरा मोबाइल, आणि 'याला फॉर्म भरता येतात' ही ख्याती. पीकविमा तोच भरतो. शिष्यवृत्तीचे अर्ज तोच करतो. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करायची. कागदावर क्रांती. प्रत्यक्षात बांधावर उभं राहून, रेंज शोधत, फोटो काढून चाळीस जणांची नोंद करतो तो हाच. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. अंगणवाडी सेविकांना अर्जामागे ५० रुपये भत्ता जाहीर झाला, या पोराला अर्थातच काही नाही. मग ई-केवायसी आली. आधार बाईचं, मोबाइल नंबर नवऱ्याचा, नवरा कोल्हापूरकडे उसाच्या फडात, ओटीपी तिकडे गेला, फोनला रेंज नाही, दहा मिनिटांत ओटीपी मेला. परत पाठवा. परत मेला. रात्री अकराला नवऱ्याचा फोन लागतो तेव्हा याला झोपेतून उठवतात.

त्या ॲपमध्ये 'दहा मिनिटांत ओटीपी रद्द' हे कोणी लिहिलं? तुमच्या-माझ्यासारख्याच कोणीतरी. वातानुकूलित खोलीत, 'वापरकर्त्याकडे स्वतःचा फोन आहे' असं गृहीत धरून. 'कागदविरहित', 'स्वयंसेवा', 'घरबसल्या' म्हणून जे आपण सरकारला विकतो, त्याचा सपोर्ट डेस्क चकलांब्यासारख्या गावात एक पोरगा चालवतो. चोवीस तास, सातही दिवस, फुकट. आपल्याकडे ऑन-कॉलला भत्ता आहे. रात्री दोनला उठलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा आहे. आपल्या निविदेत त्याच्या नावाची एक ओळही नसते, आणि तो नसेल तर आपलं ॲप तिसऱ्या दिवशी झोपेल.

याला मी गावाचा चांगुलपणा म्हणू? मी याला खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं म्हणतो. आपलं डिझाइन अर्धवट आहे म्हणून त्याची रात्र जाते.

म्हणून त्या शनिवारच्या बसबद्दल माझं म्हणणं असं, की जा, जरूर जा. मी कॉलेजात असताना १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला गेलो होतो, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये. तीन तास चर खणले, हाताला फोड आले, मजा आली. पण आमच्या आदल्या रात्री कोणीतरी समतल रेषा आखून फक्की मारून ठेवली होती म्हणून आम्ही खणू शकलो. स्पर्धा ४५ दिवसांची, आम्ही त्यातले तीन तास. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चरांत बसलेला गाळ काढायला आमच्यापैकी कोणी परत गेलं नाही, तो गावानंच काढला असणार. रोपं लावायला दोनशे माणसं मिळतात. मे महिन्यात त्यांना पाणी घालायला एक लागतो, आणि त्या एकाला महिन्याला काही हजार रुपये दिले तर रोप जगतं. कंपनीला हे सुचवलं तर उत्तर येतं की त्यात 'कर्मचाऱ्यांचा सहभाग' दिसत नाही. म्हणजे फोटो येत नाही. असो.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर आपल्या कामातच करा. ओटीपीची मुदत वाढवा. दुसऱ्याच्या वतीनं फॉर्म भरणारा माणूस असतो हे रिक्वायरमेंटमध्ये लिहा, त्याला लॉगिन द्या, प्रत्येक अर्जामागे त्याच्या खात्यात पैसे जातील अशी तरतूद निविदेतच करायला भांडा. आपल्या गावातल्या आशाताईला फोन करून विचारा, मागच्या तीन महिन्यांचा मोबदला आला का. आला नसेल तर तालुक्याला अर्ज लिहून द्या, आपल्याला इंग्रजी-मराठी दोन्ही येतं. यात टी-शर्ट मिळणार नाही.

आमच्या गावातल्या त्या पोरानं गेल्या दिवाळीपासून फॉर्ममागे वीस रुपये घ्यायला सुरुवात केलीय. म्हाताऱ्यांना आणि विधवांना फुकट, बाकी सगळ्यांना वीस. पारावर लगेच चर्चा झाली. पोरगं बिघडलं, पैशाला लागलं, याच्या आजानं गावासाठी किती केलं आणि हा बघा. मामांनीही दोन शब्द सुनावले. मी त्याला फोनवर विचारलं, गर्दी कमी झाली का रे?

"न्हाई दादा," तो म्हणाला, "तेवढीच हाय. उलट आता लोकं कागदं घेऊन टायमावर यायलेत. अन् रात्री अकराला कुणी उठवंना गेलं."